न्हाणीघरांतील ऊन दांडी : ती बसवितांना होणाऱ्या चुका

आषाढ-श्रावणांत झड लागली म्हणजे आमच्या लहानपणच्या घरीं ओलीं दुपटीं वाळविण्याची एक ठरलेली युक्ति असे. निखाऱ्यांची शेगडी जमिनीवर ठेवावयाची, तिच्यावर बांबूची मोठी टोपली पालथी घालावयाची आणि टोपलीच्या पाठीवर दुपटीं पसरावयाचीं. माझी आई शेजारीं बसून तीं परतीत असे. कारण जरा दुर्लक्ष झालें कीं कापड करपे. इंग्लंडांत त्या टोपलीचें काम एक नळ्यांची शिडी करिते आणि शेगडीचें काम बॉयलर करितो. ही शिडी न्हाणीघराच्या भिंतीवर उभी लाविलेली असते. तिच्या पोकळ पायऱ्यांतून ऊन पाणी खेळतें आणि पायऱ्यांवर घातलेले पंचे वाळतात. तिकडे तिला टॉवेल रेल म्हणतात. आपण वाळत घालण्याच्या आडव्या काठीस दांडी म्हणतों आणि तापलेल्या पाण्यास ऊन पाणी म्हणतों. तेव्हां या लेखापुरतें तिला 'ऊन दांडी' म्हणावयास हरकत नसावी.

इंग्लंडचा हिंवाळा थंडीपेक्षांहि ओलाव्यानें अधिक पिडतो. दारें-खिडक्या बंद, चार वाजतांच दिवस मावळलेला. सकाळीं खुंटीला लाविलेला पंचा दुसऱ्या दिवशींहि दमट लागतो आणि भिंतीच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. म्हणून ही दांडी तेथें निव्वळ चैनीची वस्तु समजली जात नाहीं. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें आज तिकडे संसार थाटून आहेत. मजुरी महाग असल्यामुळें घरांतील अशीं कामें तीं स्वतःच्या हातानें करूं पाहतात. हा उत्साह स्तुत्य आहे. परंतु त्यांत होणाऱ्या चुकांची किंमत केव्हां केव्हां फार पडते. आमच्या घरीं जें घडलें तें आधीं सांगतों आणि मग त्या चुकांचा क्रमानें विचार करूं.

एक पहांट

सन २०२२ च्या मार्गशीर्षांत आम्ही उभयतां लीड्स येथें मुलाकडे होतों. सूनबाईंचे दिवस भरत आले होते. घर जुनें, विटांचें, दुमजली. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आणि त्याच्या बरोबर खालच्या खोलींत बाळाचा पाळणा मांडून ठेविलेला. दुपटीं ओलीं राहूं नयेत म्हणून न्हाणीघरांतील जुना रेडिएटर काढून तेथें ऊन दांडी बसवावयाची असें मुलानें ठरविलें. मुलगा इंजिनियर आहे खरा, पण संगणकाचा. दोन रविवार खपून त्यानें काम पुरें केलें. दांडीचीं तोंडें जुन्या नळ्यांशीं जुळेनात, म्हणून त्यानें जमिनीची एक फळी उचलून खालीं दोन नवे सांधे केले. पाणी भरलें, तासभर पाहिलें, थेंबहि नव्हता.

तो म्हणाला, "बाबा, फळी एक-दोन दिवस उघडीच ठेवूं का? सांधे तापल्यावर एकदां पाहीन म्हणतों."

मीं म्हटलें, "अरे, तुझी आई रात्रीं दोनदां उठते. अंधारांत पाय अडकून पडली म्हणजे? पाणी तर कोठें दिसत नाहीं. ठोक ती फळी एकदांची!"

त्यानें फळी ठोकली. दोनच दिवसांनीं नात झाली. बाळ-बाळंतीण ज्या दिवशीं दुपारीं घरीं यावयाचीं होतीं, त्याच दिवशीं पहांटे पांच वाजतां मी नेहमींप्रमाणें उठलों. घर विलक्षण गार पडलेलें. बॉयलरच्या दाबाचा कांटा शून्यावर. खालच्या खोलींत दिवा लाविला, तों छताला भोपळ्याएवढा फुगा आलेला आणि त्यांतून पडणारा थेंब नेमका पाळण्यांतील गादीवर! तो दिवाहि मीं लावावयास नको होता, हें मागाहून कळलें. छत भिजलें असेल तर त्याची वीज आधीं मुख्य फळ्यावरूनच बंद करावयाची असते.

मुलानें वीज बंद केली, पाळणा सरकविला, खालीं बादली ठेविली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानें फुग्यास लहान भोंक पाडलें. तसें न करतां वाट पाहिली असती, तर पाण्याच्या भारानें छताचा तुकडाच खालीं आला असता. समोरच्या घरांत एक सेवानिवृत्त इंग्रज प्लंबर राहतात. वय सत्तरीच्या पुढें. सात वाजतां ते आपली पिशवी घेऊन आले, फळी उचलली आणि एकाच सांध्याकडे बोट दाखविलें. नळीचें तोंड वांकडें कापलेलें, नळी शेवटपर्यंत आंत न शिरलेली, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं नट वाजवीपेक्षां फार आवळलेला. थंड असतांना तो सांधा तगला. दोन दिवस तापणें-निवणें सोसल्यावर सुटला. त्यांनीं तो तुकडा कापून नवा घातला. दहा वाजतां घर पुन्हां ऊन झालें आणि एक वाजतां नात घरीं आली. पाळणा मात्र दुसऱ्या खोलींत हलवावा लागला.

पुढें दोन महिने हे गृहस्थ अधूनमधून चहास येत. मी विचारीत असें, ते सांगत, आणि मी वहींत टिपून घेऊन माहितीपत्रकांशीं ताडून पाहत असें. पुढील मजकूर त्या टिपणांवरून लिहिला आहे.

पाणी फिरतें कसें?

इंग्लंडांतील बहुतेक घरांत गॅसवर चालणारा बॉयलर असतो. तो पाणी तापवितो, पंप तें नळ्यांतून घरभर ढकलतो, आणि खोलीखोलींतील रेडिएटरमध्यें उष्णता सोडून तें निवलेलें पाणी बॉयलरकडे परत येतें. जाणारी एक नळी आणि परतणारी दुसरी. ऊन दांडी हा याच कुटुंबांतील एक रेडिएटर, केवळ शिडीच्या आकाराचा.

हें पाणी नळाचें वाहतें पाणी नव्हे, ही गोष्ट प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. तेंच तें पाणी वर्षानुवर्षें फिरत असतें. त्यांतील प्राणवायु लोखंडाशीं संयोग पावून एकदां संपला कीं गंज चढणें जवळजवळ थांबतें. शिवाय त्यांत गंजरोधक औषध घातलेलें असतें. बंद व्यवस्थेंत पाणी गार असतांना दाब साधारणतः एक ते दीड बार राखतात. वर्तुळ एकच असल्यामुळें एके ठिकाणची चूक त्या ठिकाणींच राहत नाहीं. दांडीखालीं गळती झाली तर दाब उतरून बॉयलर बंद पडतो. दांडीनें पाणी अधिक ओढलें तर टोकाची खोली गार राहते. संस्कृताच्या वर्गांत आम्ही मुलांस सांगत असूं कीं आधीं अन्वय लावा, मग अर्थ. एक पद सुटलें तर सारें वाक्य फसतें. येथेंहि तोच नियम आहे.

१. रूपास भुलणें

दुकानांत क्रोमची चकचकीत दांडी पाहून मन मोहतें. परंतु लख्ख पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकण्यांत कृपण असतो. घासून उजळलेलें भांडें काजळी धरलेल्या भांड्यापेक्षां उशिरां निवतें, त्याचें कारण हेंच. त्याच आकाराच्या रंगविलेल्या दांडीपेक्षां क्रोमची दांडी सुमारें पाव हिस्सा कमी उष्णता देते, असें धरून चालावें. वर पंचे पसरले कीं उरलेलीहि अडते.

दुसरी गोष्ट आंकड्याची. दांडीवर लिहिलेला वॅटचा आंकडा, तिच्यांतील पाणी खोलीच्या हवेपेक्षां सरासरी ५० सेंटिग्रेड अंश अधिक ऊन आहे असें गृहीत धरून दिलेला असतो. हा फरक ३० अंशच राहिला तर उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. आतां पाणी कमी तापवून खर्च वांचविण्याकडे कल आहे. इंग्लंडच्या बांधकाम-नियमांप्रमाणें तर २०२२ पासून संपूर्ण नवी व्यवस्था बसवितांना जाणाऱ्या पाण्याचें तापमान ५५ अंशांहून अधिक न धरतां आंखणी करावी लागते. म्हणून पंचे वाळवावयाचे आहेत कीं खोलीहि ऊन ठेवावयाची आहे, हें आधीं ठरवावें. दोन्ही हेतु असतील तर मोठी, रंगविलेली दांडी घ्यावी, किंवा जुना रेडिएटर तसाच ठेवून दांडी त्याच्या जोडीस द्यावी.

२. नळ्या आधीं, दांडी मागून

फरशा बसविणारा घाई करितो, म्हणून दांडी घरीं येण्यापूर्वींच नळ्यांचीं तोंडें भिंतींतून काढून ठेवितात. ही चूक सर्वांत अधिक आढळते. ५०० मिलिमीटर रुंद म्हणून विकलेल्या दांडीच्या खालच्या दोन तोंडांतील अंतर ५०० नसतें. बहुधा कमी असतें, आणि तें प्रत्येक कारखान्याचें निराळें असतें. शिवाय नळी जमिनींतून येणार असेल तर सरळ व्हॉल्व्ह लागतो आणि भिंतींतून येणार असेल तर काटकोनी. फरशी चढली कीं भिंतीची पातळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पुढें सरकते, त्याचाहि हिशेब धरावा लागतो.

यावर उपाय सोपा आहे. दांडीस व्हॉल्व्ह हातानें लावून ती जागेवर धरावी, पाणसळीनें समतल पाहावी, व्हॉल्व्हच्या तोंडांचे मध्यबिंदु खुणावून घ्यावे, आणि मगच नळीस हात घालावा. आमच्या घरीं फळीखालीं सांधे करावे लागले ते हा क्रम उलटा झाल्यामुळेंच.

३. भिंत न ओळखणें

विटेची भिंत असेल तर साध्या गिट्टीवर स्क्रू चांगला बसतो. परंतु तिकडील पुष्कळशा आंतल्या भिंती म्हणजे लांकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे तावच असतात. पोलादी दांडी, तिच्यांतील पाणी, भिजलेले जाड टॉवेल आणि उद्यां तिला धरून उभें राहणारें मूल, एवढा भार त्या तावास पेलत नाहीं. फरशी बसविण्यापूर्वींच आंतून लांकडाची आडवी पट्टी द्यावी. छिद्र पाडतांना फरशीवर ड्रिलचा ठोका बंद ठेवावा. आणि आंत नळी किंवा विजेची तार नाहीं याची यंत्रानें खात्री करून घ्यावी. तारा व नळ्या बहुधा आपल्या तोंडांपासून सरळ वर-खालीं गेलेल्या असतात. ती ओळ टाळावी.

४. पाणी पुरतें न काढणें

जुना रेडिएटर काढतांना त्याचे व्हॉल्व्ह बंद केले म्हणजे झालें, असें वाटतें. त्यांतील एक व्हॉल्व्ह बहुधा खोलीचें तापमान पाहून आपोआप उघड-मीट करणारा असतो. तो शेवटच्या खुणेवर आणला तरी कायमचा बंद होत नाहीं; गोठण्यापासून बचाव व्हावा म्हणून खोली फार गार झाली कीं तो आपण होऊन उघडतो. रेडिएटर काढून ठेविला आहे आणि रात्रीं थंडी पडली, तर काय होईल तें सांगावयास नको. अशा तोंडांवर टोपण आवळूनच ठेवावें.

नळ्यांत फेरफार करावयाचा असेल तर बॉयलर बंद करून निवूं द्यावा, आणि सर्वांत खालच्या तोटीला रबरी नळी लावून पाणी बाहेर काढावें. ज्या नळीला हात घालावयाचा तिच्या खालपर्यंत पाणी उतरलें पाहिजे. हें पाणी शाईसारखें काळें असूं शकतें. गालिच्यावर पडलें तर डाग जात नाहीं. दुसऱ्या व्हॉल्व्हवर टोपी असते. तो बंद करण्यास किती फेरे लागले तें लिहून ठेवावें. पुढें उपयोगी पडतें.

५. सांध्यावर बळ चालविणें

पान्यानें आवळण्याच्या सांध्यांत नट, पितळेचें बारीक कडें आणि नळी असे तीन घटक असतात. नट आवळला कीं कडें चेपून नळीला मिठी मारतें. नळी करवतीनें कापूं नये. फिरत्या कातरीनें काटकोनांत कापावी, तोंडाची कूस घासून काढावी, आणि नळी आंत थेट टेकेपर्यंत सारावी. मग नट हातानें जाईल तितका फिरवून नंतर पान्यानें सुमारें एक ते सव्वा फेरा द्यावा. दुसऱ्या पान्यानें व्हॉल्व्हचें अंग धरून ठेवावें, नाहींतर सारा पीळ नळीवर येतो. घट्ट तितकें चांगलें, हा समज येथें घातक आहे. अति आवळल्यानें कडें व नळी दोन्ही वांकतात आणि मग तो सांधा सुधारत नाहीं.

टेफ्लॉनची पांढरी फीत दांडीच्या अंगांत शिरणाऱ्या आट्यांवर गुंडाळावयाची, आणि तीहि आवळण्याच्या दिशेनें. उलट गुंडाळली तर आवळतांना उलगडते. नटाच्या आट्यांवर तिचा उपयोग नाहीं, कारण तेथें पाणी कडें अडवितें, आटे नव्हेत. प्लॅस्टिकच्या नळीच्या तोंडांत आधाराची लहान नळकांडी घालावयास विसरूं नये. आणि नुसते दाबून बसणारे सांधे क्रोम चढविलेल्या नळीवर लावूं नयेत. त्यांचे दांत त्या कठीण लेपांत रुतत नाहींत.

६. व्हॉल्व्हची दिशा व जागा

दांडीला स्वतःला बहुधा दिशा नसते. पण आपोआप चालणाऱ्या कांहीं व्हॉल्व्हांवर बाण असतो. तो पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध बसला तर रात्रभर नळ्या ठोके देत राहतात. हाच व्हॉल्व्ह लोंबत्या टॉवेलाच्या आड आला तर टॉवेलाच्या उबेस खोलीची ऊब समजून तो पाणी अडवितो. कांहीं घरांत न्हाणीघराची दांडी मुद्दाम सदा उघडी ठेविलेली असते; बाकीचे सारे रेडिएटर मिटले तरी पंपास एक वाट मोकळी असावी म्हणून. तेथें आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह बसवूं नये. आणि दांडी बॉयलरजवळ असेल तर टोपीखालचा व्हॉल्व्ह थोडा मिटून घ्यावा, म्हणजे लांबच्या खोल्यांस त्यांचा वांटा मिळतो. लिहून ठेविलेले फेरे येथें कामीं येतात.

७. भलत्याच पाण्यास जोडणें

कांहीं लोक उन्हाळ्यांतहि दांडी ऊन राहावी म्हणून ती स्नानाच्या ऊन पाण्याच्या नळीवर जोडतात. स्नानाचें पाणी नित्य नवें असतें आणि नवा प्राणवायु घेऊन येतें. साधी पोलादी दांडी त्यांत आंतून गंजून थोड्याच काळांत फुटते, आणि दरम्यान तोच गंज स्नानाच्या पाण्यांत उतरतो. अशा ठिकाणीं पितळेची किंवा त्या कामासाठींच बनविलेली स्टेनलेस पोलादाची दांडी लागते, आणि तसें तिच्या पत्रकांत लिहिलेलें असावें लागतें.

८. हवा आणि दाब

नवी दांडी खालीं ऊन व वर गार लागली तर आंत हवा अडकली आहे असें समजावें. पंप बंद करून वरच्या टोकाचा लहान स्क्रू किल्लीनें किंचित् उघडावा; फुस्स आवाज थांबून पाणी दिसलें कीं मिटावा. हवा गेली म्हणजे दाब उतरतो, म्हणून कांटा पुन्हां पाहून पाणी भरावें. भरण्याची तोटी उघडी राहिली तर दाब चढत जातो आणि रक्षक-व्हॉल्व्हांतून पाणी घराबाहेर सांडूं लागतें. पाणी बदललें कीं गंजरोधक औषधहि पुन्हां घालावें. याचा पुष्कळांस विसर पडतो आणि त्याचें फळ दोन-चार वर्षांनीं काळ्या गाळाच्या रूपानें दिसतें. घरच्या माणसानें बॉयलरचें झांकण मात्र उघडूं नये. गॅसचें काम करण्याचा अधिकार तिकडे 'गॅस सेफ' नोंदवहींत नांव असलेल्या कारागिरासच आहे; ही नोंदवही २००९ पासून चालू आहे.

९. विजेची जोड

उन्हाळ्यांत बॉयलर बंद असतांना पंचे वाळावेत म्हणून कांहीं दांड्यांत खालून विजेची कांडी बसवितात. त्या वेळीं दोन्ही व्हॉल्व्ह मिटण्याचा मोह होतो. पाणी तापलें कीं फुगतें. दोन्ही वाटा बंद असतील तर त्याला जागा उरत नाहीं आणि दाब सांध्यांवर येतो. एक व्हॉल्व्ह नेहमीं उघडा ठेवावा, म्हणजे फुगलेलें पाणी घरच्या वर्तुळांत जाऊं शकतें. केवळ विजेवर चालणारी स्वतंत्र दांडी असेल तर ती कांठोकांठ भरूं नये. वर हवेसाठीं जागा सोडावी.

ओलें अंग आणि वीज यांची गांठ न्हाणीघरांत पडते. टबापासून किती अंतरावर कोणतें उपकरण चालेल याचे तिकडे ठरलेले नियम आहेत. बटण आवाक्याबाहेर असावें लागतें आणि ३० मिलिअँपियरच्या गळतीस वीज तोडणारें यंत्र लागतें. नळीच्या चुकीनें छत पडेल, पण तारेच्या चुकीनें माणूस जाईल. तेथें हौस नको. जाणता कारागीरच बोलवावा.

जातां जातां लहान मुलांविषयीं एक सांगतों. ६० अंशांपुढें तापलेली धातूची दांडी तान्ह्या मुलाच्या कातडीस कांहीं क्षणांत पोळूं शकते. बाळास पुसण्याची जागा दांडीपासून दूर ठेवावी, आणि रांगतें मूल घरांत असेल तर दांडी मुळांतच उंच लावावी.

१०. झांकण्याची घाई

शेवटची चूक माझी. वरील सर्व चुका मुलाच्या हातून झाल्या असत्या तरी फळी उघडी असती तर त्या दिसल्या असत्या. त्या वृद्ध कारागिरांनीं मला रागें न भरतां एवढेंच सांगितलें, कीं सांध्यानें एक रात्र ऊन आणि एक रात्र गार काढल्याशिवाय त्याला झांकूं नये. पाणी भरल्यावर सांध्याभोंवतीं कोरडा कागद गुंडाळून ठेवावा. किंचित् ओल असली तरी कागद ती दाखवितो. बॉयलरचा कांटा संध्याकाळीं व सकाळीं, दोन्ही वेळां पाणी निवलेलें असतांना, पाहून लिहून ठेवावा. या दोन गोष्टींस एक दमडी पडत नाहीं.

चाळीस वर्षें मीं मुलांना सांगितलें कीं उत्तरपत्रिका देण्यापूर्वीं एकदां पुन्हां वाचा. माझ्या मुलानें नेमकें तेंच करावयाचें म्हटलें, आणि मीं त्याला तें करूं दिलें नाहीं. त्याच्या आईचा पाय अडकेल ही माझी भीति खोटी नव्हती; पण तिच्यावर उपाय फळी ठोकणें हा नव्हता. दुरुस्तीनंतर तीच फळी आठ दिवस उघडी होती. तिच्यावर एक खुर्ची आडवी ठेविली होती आणि रात्रभर एक लहान दिवा लाविलेला होता. आमच्या मंडळी रोज रात्रीं दोनदां उठल्या, खुर्चीला वळसा घालून गेल्या आणि सुखरूप परत आल्या. नवव्या दिवशीं मुलानें मला फळीपाशीं बोलाविलें, कोरडा कागद दाखविला आणि विचारलें, "बाबा, आतां ठोकूं?"

मीं कागद हातांत घेऊन दोन्ही बाजूंनीं पाहिला आणि मग होय म्हटलें.